मालकांचं तळ्याकाठचं गाव

आमच्या घरमालकांना कुणी रामराम घातला, तर ते उलट रामराम करत नसत. समोरच्याकडे नीट बघत, मान हलवत आणि "बसा" म्हणत. पहिल्या दिवशी माझ्या यजमानांनी दोन्ही हात जोडले, तेव्हाही मालकांनी आपले हात घोंगडीतच ठेवले. मला राग आला. आम्ही बदली होऊन आलेली माणसं, सामान अजून बैलगाडीवर, ऊन डोक्यावर, आणि हा गृहस्थ हात बाहेर काढायला तयार नाही. मी यजमानांना हळूच म्हटलं, "साहेबाच्या देशात राहून आलेत म्हणे. तिथली मिजास दिसते."

बदनापूर स्टेशनावर उतरायचं आणि पुढे गाडीवाटेने जायचं, असं ते निजामाच्या राज्यातलं गाव. माझे यजमान तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होते. मालकांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. भाडं नावालाच होतं, कारण मालकांना भाडेकरू नकोच होता, घरात आणखी एक बाईमाणूस हवं होतं. राहणारी दोघंच. एक ते स्वतः, त्यांची बायको तरुणपणीच वारलेली. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, जिला मी वहिनी म्हणू लागले. तिला मूलबाळ नव्हतं. आणि तिचा नवरा कॅनडात होता.

हे मला वहिनीनेच सांगितलं, तेही अशा सहजपणे, जणू नवरा जालन्याच्या बाजाराला गेलाय आणि दिवेलागणीला येईल. रेल्वेच्या कामावरचा एक गोरा साहेब नोकरी सोडून तिकडे निघाला होता. उत्तरेच्या जंगलात त्याच्या भावाची लाकूड कापायची गिरणी होती. ओंडके ओढायला तिथे घोडे लागत, आणि आमच्या मालकांचा धाकटा भाऊ घोड्यांत वाकबगार. साहेबाने त्याला बरोबर घेतलं आणि त्याला सोबत म्हणून थोरलेही गेले. पाचेक हिवाळे तिकडे काढून थोरले एकटेच परत आले. वहिनी पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी होती. दाराआड सरून तिने विचारलं, "अन् दुसरे कुठं हायेत?" मालक म्हणाले, "तिकडंच राह्यला."

तेव्हा ती विशी-बाविशीची असेल. मी गेले तेव्हा तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. आमच्या खोल्यांत आरसा होता, पण कुंकू लावायला तिला कधी आरसा लागला नाही.

थोरल्या दिरासमोर भावजयीने यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. मधल्या खोलीचं दार त्यासाठीच होतं. मालक ओट्यावर किंवा पडवीत, वहिनी दाराच्या आत. जेवणाचं ताट ती उंबऱ्यावर ठेवी आणि कडी वाजवी. काही सांगायचं झालं तर मला मध्ये घेई. "बाई, दादाला सांगा, तेल सरलंय." मालक माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसलेले असत, त्यांनी ते बरोबर ऐकलेलं असे, तरी मी पुन्हा सांगायचं आणि मग त्यांनी मलाच उत्तर द्यायचं, "आणतो म्हणावं." सुरुवातीला मला या नाटकाचं हसू येई. नंतर मीही त्यात तयार झाले.

मालकांचे चक्रमपणे मोजायला बसलं तर संध्याकाळ पुरणार नाही. दाढी छातीपर्यंत आलेली, केस मानेवर, न्हाव्याला दारात उभं करत नसत. घरात दोन बाजा होत्या, पण झोपत जमिनीवर. कपाळाला गंध नाही, बुक्का नाही. दिवाळीला सगळं गाव उटणं लावून आंघोळी करी, हे थंड पाणी अंगावर ओतून घेत. मी पहिल्या दिवाळीला करंज्या दिल्या, तर त्या बैलाला चारल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला आणखी लागलं.

आणि लाकडं. आमच्या त्या मुलखात चुलीला तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. चांगलं लाकूड म्हणजे चैन. मालकांच्या परसात मात्र बाभळीची, लिंबाची, बोरीची लाकडं फोडून वळचणीपर्यंत रचलेली. कुठे झाड पडलं की मालक कुऱ्हाड आणि गाडी घेऊन हजर. पण त्यातली काडीही चुलीत जायची नाही. वहिनी धुराने डोळे पुसत ओल्या गोवऱ्या फुंकी आणि परसात तिच्या डोक्याच्या वर वाळकं लाकूड. गावात कुणी मेलं की मालक न बोलावता गाडी भरत आणि मसणवट्यात नेऊन रिकामी करत. जात विचारत नसत. मुसलमानाच्या घरी मयत झाली, तर कबरीवर आडव्या टाकायला फळ्या देत. लोक फुकटचं लाकूड घेत आणि माघारी हसत. "मालक लाकडं जमवून राह्यले, आपन मरून राह्यलो," असं आमच्या शाळेचा शिपाई म्हणायचा.

संध्याकाळी ओट्यावर गावातली चार रिकामी माणसं जमत. मालकांना कॅनडातल्या त्या तळ्याकाठच्या गावाबद्दल बोलतं करायचं, हा त्यांचा आवडता उद्योग.

"मालक, तळ्यावरून गाडी जाती म्हणता. बैलासकट?"

"बैल न्हाई, घोडे. चाकं नसलेली गाडी, तिच्यावर हे एवढे ओंडके. तळं तसूभर हालायचं न्हाई. फकस्त मधीच आतून आवाज यायचा, म्हैस पाण्यात हंबरल्यावानी."

"अन् मासे?"

"मासे खाली. त्यायला काय, त्यायचं पाणी खाली बराबर ऱ्हातं."

"मालक, चिलमीत काय भरता जरा सांगा की."

लोक खोखो हसत. मालक रागवत नसत. ते त्या माणसांना सांगतच नव्हते. आवाज जरा चढवून, मान दाराकडे किंचित वळवून ते बोलत राहत. गावात एकच रस्ता. एका टोकाला गिरणी, दुसऱ्या टोकाला तळं. बाकी चहूकडे जंगल, बारा महिने हिरवं, पानं सुईसारखी आणि वास राळेचा. हिवाळ्यात तळ्याचा बर्फ करवतीने कापून लाद्या काढायच्या, लाकडाच्या भुशात पुरून ठेवायच्या आणि ऐन आषाढात त्या काढायच्या, तशाच्या तशा. उन्हाळ्यात जेवणं झाली तरी सूर्य मावळत नाही. डास असे, की घोड्यांच्या अंगाला धूर द्यावा लागतो. घोड्याएवढं हरिण, त्याची शिंगं सुपाएवढी, ते सकाळी तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून शेवाळ खातं. "आता तिकडं तळं बंद झालं असंल. धाकटा घोड्यायच्या खुरांना नवे नाल मारत असंल, घसरू नये म्हणून," असं ते म्हणत, आणि आतलं जातं थांबलेलं असे. सगळ्या गावात त्यांच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं आणि ते दाराच्या आत बसलेलं होतं.

एकदा वहिनीने मला विचारलं, "बाई, मास्तरांच्या नकाशात ते तळं असंल का वो?" यजमानांनी शाळेचा नकाशा घरी आणला, जमिनीवर पसरला आणि कॅनडा दाखवला. वरच्या अंगाला निळे ठिपकेच ठिपके. यजमान म्हणाले, "इथे तळीच तळी आहेत, वहिनी. नाव कळल्याशिवाय कुठलं म्हणून सांगू?" तिने बराच वेळ बघितलं आणि एका बारक्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे असू द्या," म्हणाली. मला त्या क्षणी तिची फार माया आली.

वैशाखात मालक बिघडत. बाकी वर्षभर विक्षिप्त असले तरी शांत असत, वैशाखात मात्र जेवण टाकत. गावाबाहेर एक तळं होतं, ते तोवर कोरडं ठण्ण पडलेलं असे, तळाला हातभर भेगा. मालक भर दुपारी तिथे जात आणि त्या भेगांत काठी खुपसून बघत. "बर्फ फुटायचे दिवस हायेत तिकडं," म्हणत. "तोफा उडाल्यावानी आवाज येतो." वहिनी दाराआडून मला सांगे, "दादाला म्हणावं, ताक तरी घ्या." ते घेत नसत.

रामनवमीला आम्हा दोघींना जांबला जायचं होतं, समर्थांच्या जन्मगावी. मालक म्हणाले, "मी गाडी हाणतो." आम्ही खूश. पण जांब आलं तसे ते वेशीबाहेरच लिंबाखाली थांबले. आम्ही दर्शन घेऊन आलो, मी प्रसाद पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "आमाला चालत न्हाई," म्हणाले.

परतीच्या वाटेवर वहिनी माझ्या कानाशी लागली. "दादा कुठल्याच देवळात जात न्हाईत. साहेबानं बाटवलं असं लोक म्हणत्यात." माझ्या डोक्यात एक एक गोष्ट जुळत होती. रामराम नाही, देऊळ नाही, गंध नाही, गोडधोड नाही, जमिनीवर निजणं, न्हावी बंद. माझ्या माहेरी या सगळ्या गोष्टी एकत्र फक्त एका वेळी होतात, आणि त्या दहा दिवसांत संपतात. घरात मयत झाल्यावर. पण या घरात तर इतक्या वर्षांत कुणीच मेलेलं नव्हतं. मी पुढे बसलेल्या मालकांच्या पाठीकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षी भावकीतला चुलतभाऊ भटजींना घेऊन दारात आला. भटजींच्या काखेत पळसाच्या पानांचं गाठोडं होतं. परागंदा झालेला माणूस बारा वर्षं परतला नाही, तर पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि त्याचं सुतक धरायचं, अशी रीत आहे. चुलतभावाची नजर धाकट्याच्या वाटणीच्या शेतावर होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"दादा, बारा वर्षं कवाच उलटून गेलीत," तो म्हणाला. "त्याच्या आत्म्याला वाट मोकळी करू. किती दिवस हे असं लोंबकळत ठिवायचं?"

मालक त्या गाठोड्याकडे बघत होते. त्यांनी पुढे होऊन एक पान हातात घेतलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, हो म्हणणार. दाराच्या आत बांगड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मालकांनीही तो थांबलेला ऐकला. त्यांनी पान टाकलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"माझा भाऊ जिता हाये. त्याचा पुतळा जाळतो व्हय रे? निघ. न्हाई तर तुझाच जाळीन, पानाबिनाचा न्हाई."

भटजी गाठोडं टाकून पळाले. चुलतभाऊ रस्त्यावरून शिव्या देत गेला. आत जातं पुन्हा सुरू झालं. उन्हं उतरल्यावर मी परसात गेले, तर मालक लाकडांच्या थप्पीशी बसून ती पानं एकावर एक लावत होते. मी सरळच विचारलं, "मालक, कुणाचं सुतक धरलंय तुम्ही?"

ते दचकले नाहीत. कुणीतरी विचारावं म्हणून इतकी वर्षं थांबल्यासारखे बोलू लागले.

"पौषात ताप आल्ता त्याला. छाती भरली. हप्त्याभरात गेला. मी साहेबाला म्हणलं, लाकडं द्या. साहेब म्हणला, हितं माणूस जाळायची परवानगी न्हाई. मास्तरीणबाई, चहूकडं जंगल. गिरणीच्या आवारात डोंगराएवढे ओंडके. अन् माझ्या भावाला एक काटकी भेटली न्हाई. मंग म्हणलं, बरं, पुरा. तर म्हणले, जमीन गोठून दगड झाली, कुदळ चालत न्हाई. तिकडची रीतच तशी हाये. हिवाळ्यात गेलेलं माणूस देवळामागच्या लाकडी खोलीत ठिवायचं, अन् वैशाखात जमीन मऊ झाली की पुरायचं. त्याच्या शेजारी आणखी एक म्हातारी ठिवलेली व्हती."

"मग?"

"मंग साहेब माघातच विलायतेला निघाला. त्याच्यासंग न्हाई निघालो तर मला परतायचं तिकीट कोन देतं? आलो निघून. त्याला तसाच टाकून आलो. कवा पुरलं, पुरलं का न्हाई, मला कायबी ठाऊक न्हाई. मंग सुतक मोजायचं कुठून, सांगा."

मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा संतापही येत होता. मी म्हटलं, "वहिनीला सांगायला हवं होतं."

"सांगणारच व्हतो. वाटंनं सगळं घोकीत आल्तो. ती दारात पाणी घेऊन उभी. कोरं लुगडं नेसली व्हती. माझ्या तोंडून निघालं, तिकडंच राह्यला. खोटं बोललो का मी? तिकडंच राह्यलाय तो."

"आणि आजचा पुतळा? तुम्हाला हवा होता."

"व्हय," ते म्हणाले. "लई हवा व्हता. पन मंग तिचं कपाळ?"

त्यांच्या घराण्यात विधवेला पाट लावून देत नसत, दुसरं लग्न नाहीच. कुंकू गेलं की मंगळागौर, लग्न, बारसं, ओटी सगळं गेलं. मागच्या खोलीत बसून जन्म काढायचा. वहिनी दर शुक्रवारी मला हळदीकुंकू लावायची, गावातल्या बारशांना सगळ्यांच्या आधी जायची. ते सगळं या माणसाच्या एका वाक्यावर टिकून होतं. मी ते गुपित घेऊन तिच्याबरोबर पापड लाटत राहिले. संध्याकाळी ओट्यावर मालक तळ्याच्या गोष्टी सांगू लागले, की मी उठून विहिरीवर जात असे. मला ते ऐकवत नसे.

असं आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. रझाकारांच्या धास्तीने गावं ओस पडू लागली. आज या गल्लीतली चार घरं बंद, उद्या त्या. लोक गाड्या भरून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निघाले होते. शाळा बंद झाली. चुलतभाऊ शेताचा नाद सोडून सगळ्यांच्या आधी गेला. आमचंही ठरलं, मालकांची गाडी घ्यायची आणि केदारखेड्यावरून भोकरदनमार्गे पलीकडे जायचं. मी वहिनीला बांधाबांध करायला सांगितली.

"मी येत न्हाई, बाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते आले तर? घराला कुलूप दिसंल. इतक्या लांबून येतील अन् दारातनं परत जातील. तुम्ही समदे जा. मी हितंच ऱ्हाते."

यजमानांनी समजावलं, मी रागावले, हातापाया पडले. शेजारचं गाव जळाल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. ती नाही म्हणजे नाही. मालक ओट्यावर बसून ऐकत होते. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दुपारी त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीणबाई, तिला दाराशी बसायला सांगा. तुम्ही बी बसा."

आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, काहीही न वगळता. ताप, लाकडं, गोठलेली जमीन, देवळामागची खोली. दाराकडे बघून बोलत होते. त्यांचं बोलणं संपलं. मग दार उघडलं आणि वहिनी उंबरा ओलांडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर मागे सारला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मला कधी कधी वाटायचं," ती म्हणाली. "घोडे सांगता, मासे सांगता, हरणाची शिंगं सांगता. पन ह्यांनी माझं नाव काढलं, असं कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

मालकांची मान खाली गेली.

"तिकडं जमीन कवा मऊ होती?" तिने विचारलं.

"वैशाखात."

"आता वैशाखच हाये."

"व्हय."

"मंग खणता येत असंल."

मालक तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं ती काय करते आहे. मलाही कळलं. वैशाख काय, तो दरसाल येऊन गेला होता.

"येत असंल," ते म्हणाले.

"मंग आज पुरलं समजा त्यांना. सुतक आजपासून धरू, दादा. दहा दिवस झाले की मी येते तुमच्यासंग."

तिने पदराच्या टोकाने कुंकू पुसलं. मी हात धरायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. बांगड्या आपटून फोडायच्या असतात; तिने त्या एक एक काढून माझ्यासमोर ठेवल्या. रडत मीच होते. ती आत गेली आणि गळ्यातलं डोरलं काढून देवाजवळ ठेवून आली. मी तिला अडवायला हवं होतं की आधार द्यायला हवा होता, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

भटजी केव्हाच गाव सोडून गेलेले. पळसाची पानं मालकांनी जपून ठेवली होती, वाळून चुरा व्हायला आलेली. त्यांचा पुतळा मालकांनी स्वतः बांधला. कोरड्या तळ्याच्या मधोमध सरण रचलं आणि परसातलं सगळं लाकूड त्यावर घातलं. खेपांवर खेपा. यजमान म्हणाले, "मालक, पुरे, हातभर तर पुतळा आहे." त्यांनी ऐकलं नाही. उन्हं कलायच्या आत अग्नी दिला. वहिनी काठावर उभी होती. बाईने तिथे येऊ नये, हे सांगायला गावात कुणी उरलं नव्हतं. जाळ इतका मोठा झाला, की आम्हाला मागे सरकावं लागलं. मालक सरकले नाहीत.

ते दहा दिवस आम्ही त्या रिकाम्या गावात काढले. यजमान धुसफुसत होते, "रझाकार काय आपल्या दहाव्यासाठी खोळंबणार आहेत?" पण गेले नाहीत. दहाव्याला न्हावी नव्हता, तेव्हा यजमानांनीच आपल्या वस्तऱ्याने मालकांची दाढी आणि डोकं केलं. आंघोळ करून ते बाहेर आले, आणि यजमानांना दोन्ही हात जोडून रामराम म्हणाले. यजमान इतके गोंधळले, की परत रामराम करायचं विसरले.

त्या चेहऱ्याला मी ओळखलंच नाही. दाढीखाली एक साधा, थकलेला म्हातारा होता. विक्षिप्त काही राहिलंच नव्हतं. तो सगळ्यांसारखा गंध लावी, वाटेत मारुती दिसला की हात जोडी. आणि त्या तळ्याकाठच्या गावाबद्दल एक अक्षर बोलत नसे. गाडीत आम्ही चौघं होतो, पण मला सारखं वाटे की कुणीतरी मागे राहिलंय.

केदारखेड्याला पूर्णेच्या काठी मुक्काम केला. नदीत वाळू आणि मधे मधे डोह. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. यजमान पाण्याला गेले होते, मी तीन दगडांची चूल मांडत होते. वहिनी बैलांना कडबा टाकत होती. आता दोघांमध्ये दार नव्हतं, तरी ती मालकांकडे पाठ करूनच बोलली.

"दादा, एक विचारू? त्यांनी खरंच माझं नाव काढलं न्हाई?"

मालक जुवावर बसले होते.

"काढलं व्हतं," ते म्हणाले. "शेवटच्या दिशी शुद्धीवर आल्ता. मला जवळ बोलावलं. म्हणला, तिला जाऊन सांग, माझी वाट बघू नको." त्यांनी मान खाली घातली. "एवढा एकच निरोप दिल्ता त्यानं माझ्यापाशी. बाकी कायबी न्हाई. अन् मी घरी येऊन तुला वाट बघायलाच बसवलं गं बाई."

वहिनीच्या हातात कडब्याची पेंढी तशीच राहिली. बैलाने मान लांब करून ती ओढली, तेव्हा तिने सोडली. मग ती वळली, त्यांच्या भादरलेल्या डोक्याकडे, खाली घातलेल्या मानेकडे बघत उभी राहिली.

"पोचला निरोप, दादा," ती म्हणाली.